वर्तकनगर ते आंबिवली, व्हाया टर्बो

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई मे महिन्यात युरोपला जाऊन आल्या आणि जून उजाडल्यावर तीन दिवस स्टाफरूममध्ये फोटो दाखवत होत्या. मी भूगोल शिकवतो. ऱ्हाइन नदी नकाशात भरायला लावणं हे माझं वीस वर्षांचं काम, पण ती पाहून आल्या गणिताच्या बाई. माझा या वर्षातला सगळ्यात मोठा प्रवास वर्तकनगर ते आंबिवली एवढाच झाला. रिक्षावाला सांगेल, तासाभराचं काम आहे. मला चार दिवस लागले, आणि मध्ये एक दिवस गणपती बसले तो धरला तर पाच. या मार्गाने जे अजून गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्यांना जावं लागू नये, अशी इच्छाही जोडून ठेवतो.

निघण्याआधी घरचं थोडं सांगावं लागेल. आम्ही ठाण्याच्या खाडीकडच्या गावातले. माझे वडील, आबा, तरुणपणी मिठागरावर राबले, नंतर त्यांनी टेम्पो चालवला. मिठागरं गेली, भातशेती गेली, घराच्या जागी सात मजली इमारत आली आणि आम्हाला तिच्यात दोन फ्लॅट मिळाले. जुन्यातलं राहिलं म्हणजे अंगणातली बाव. विहिरीला आम्ही बाव म्हणतो. ती आता पार्किंगच्या कोपऱ्यात आहे. ती बुजवली तर दोन गाड्या उभ्या राहतील, असा हिशेब सोसायटीच्या कमिटीने मांडलेला आहे. त्यावर आबाचं एकच उत्तर असतं, की वापरातली बाव बुजवत नाहीत. कोण वापरतं, असं विचारलं तर म्हणतो, आमची गाडी वापरते. मीटिंगमध्ये सगळे हसले होते, मीही हसलो होतो.

दुसरी गोष्ट आत्याची. आबाची मोठी बहीण, आंबिवलीला मुलाकडे असते, वय ब्याऐंशीच्या पुढे, किती पुढे ते तिलाही ठाऊक नाही. गौरी येते त्या दिवशी आत्या माहेरी येते, आणि तिला आणायला भावाने जायचं, हा आमच्या घरचा रिवाज. मुलाने आणून सोडलेलं तिला चालत नाही, टॅक्सी पाठवलेली चालत नाही, भाऊ टॅक्सीत बसून आला तरी नाही. भाऊ दारात उभा राहिला की ती पिशवी उचलते. तिच्या लग्नापासून हे एकदाही चुकलेलं नाही. यंदा चैत्रात ती घरात पडली, खुबा मोडला, आणि तेव्हापासून फोनवर "पुढल्या गौरीला" हे शब्द तिने टाकून दिले. यंदाच्या गौरीबद्दलच बोलते. त्यामुळे यंदा आबाने जाणं आणि तिला घेऊन येणं यापुढे घरातल्या बाकी सगळ्या गोष्टी मागे पडल्या होत्या.

गेल्या वर्षी आबाच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं आणि मी गाडीची चावी माझ्याकडे घेतली. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी म्हणालो होतो, "आबा, चालवायचं माझ्यावर सोड, पाण्याचं तेवढं तू बघ." रोज सकाळी तो खाली जायचा, गाडी पुसायचा, बॉनेट उघडायचा. त्याला काम मिळालं आणि मी सुटलो, असं मला वाटत होतं.

वर्तकनगर

गणपतीच्या दोन दिवस आधी शाळेतून येताना गाडीने दम टाकला. फ्लायओव्हरच्या चढावर ती पुढे जाईना. लाल दिवा लागला नाही, धूर नाही, नुसती थकल्यासारखी चालत होती. मी तिला गोंजारत वर्तकनगरला परबांच्या गॅरेजमध्ये आणली.

परब कणकवलीकडचे. गणपतीत ठाण्यातली निम्मी गॅरेजं कोकणात गेलेली असतात, हे मला माहीत असायला हवं होतं. परबांची बॅग गॅरेजच्या दारातच भरून ठेवलेली होती. तरी त्यांनी हात धुतलेले पुन्हा काळे केले. इंजिनवरचं ऑइलचं झाकण काढून मला दाखवलं. आतल्या बाजूला पिवळट पांढरा साय धरल्यासारखा थर होता. मग ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली. तिच्यावर ऑइल नव्हतं, दुधाळ कॉफी होती.

"सर, पाणी ऑइलात जाताहा," परब म्हणाले. "गाडी अशी चालवलात तर इंजिन बसतला."

त्यांचा पहिला संशय इंजिनच्या वरच्या भागावर, हेडवर होता. हेडखाली एक पातळ गॅस्केट असतं, ते फुटलं की पाण्याची आणि ऑइलची वाट एक होते. म्हणजे हेड उतरवायचं, ते घासायला पाठवायचं, आणि ती दुकानं गौरी-गणपती उरकेपर्यंत बंद. दहा दिवस धरा, असं ते म्हणाले. मी त्यांना आत्याबद्दल सांगितलं. ते थोडा वेळ बॅगेकडे बघत राहिले. बहिणीला आणायला जायचं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी ऑइल आणि फिल्टर बदलून दिलं, आणि डोंबिवलीच्या देसाईंना फोन लावला. हेड न उघडता तपासायचं यंत्र त्यांच्याकडे होतं. हळू जायचं, पाण्यावर लक्ष ठेवायचं, गरम झाली की थांबायचं, एवढं बजावून परब गावाला गेले.

घरी सांगितल्यावर मेघाने, माझ्या बायकोने, पहिला प्रश्न विचारला की आबांना कोण सांगणार. आबा दारातच उभा होता. त्याने ऐकलं आणि मी येतो म्हणाला.

डोंबिवली

दुसऱ्या दिवशी हरतालिका होती. मेघाचा उपास, आणि आमची पोटापाण्याची सोय बाहेरच. आबा आधीच खाली गेला होता. त्याने पाच लिटरचा पांढरा कॅन बावीतून भरून डिकीत ठेवला होता. वाटेत पाणी लागेल, हे त्याला सांगावं लागलं नाही. माझ्यापेक्षा हाच शहाणा, असं मनात आलं आणि बरं वाटलं.

माजिवड्याच्या जंक्शनवर जो वेळ गेला तो मी वाचकांवर लादत नाही. भिवंडीकडे वळून माणकोलीच्या नव्या पुलावर लागलो आणि खाडी दिसली. पूल उतरून मोठागावच्या बाजूला आलो तेव्हा काटा वर चढायला लागला होता. मी गाडी कडेला घेतली. अर्धा तास थंड होऊ दिली. समोर भरतीचं गढूळ पाणी, पलीकडे चिखलात तिवरं आणि मागे डोंबिवलीच्या इमारती. आबा काठापर्यंत गेला. त्याला लांबचं धूसर दिसतं, पण पाणी चढतंय की उतरतंय ते वासावरून कळतं म्हणतो. मिठागरात पाणी घेताना तिथली माणसं बोट बुडवून जिभेला लावायची. कुठल्या खाचरात मीठ धरणार आणि कुठल्या नाही, हे मुकादमाच्या आधी आबाच्या जिभेला कळायचं. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे, तिथे एकशे एकाव्यांदा ऐकली.

गाडी थंड झाल्यावर आबाने बॉनेटखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं आणि कॅनमधलं पाणी तिच्यात ओतलं. ती टाकी काठोकाठ भरेपर्यंत तो ओतत राहिला. मी म्हणालो, आबा, बास. तो थांबला.

देसाईंचं गॅरेज एमआयडीसीच्या बाजूला. स्वच्छ शर्ट घातलेला, कमी बोलणारा माणूस. मी आबाला "तू बस ना खुर्चीवर" म्हणालो, तेव्हा देसाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे वडिलांना अहो-जाहो. आमच्यात बापाला अरे-तुरेच करतात आणि त्यात प्रेम कमी पडत नाही, पण हे दर वेळी कुणाला सांगत बसायचं?

त्यांनी टाकीच्या तोंडाला पंप लावून पाण्यावर दाब दिला आणि सांगितलं, दीड तासाने जेवून या. डोंबिवलीत जेवायची चिंता नसते. कोपऱ्याकोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र. आम्ही ज्यात शिरलो तिथे पोळ्या घेणारे चार आणि उकडीच्या मोदकांची ऑर्डर द्यायला उभे असलेले चाळीस. आबा चक्रावला. देवाचा नैवेद्य बाहेरून आणायचा, हे त्याला पटेना. मी म्हटलं, इथल्या बायका सकाळी सातला कामाला निघतात, मोदक वळणार कधी? त्यावर तो म्हणाला की आपल्या गौरीला चिंबोऱ्या लागतात, त्या ऑर्डर देऊन मिळतील का विचार. रांगेतल्या एका काकूंनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा पाहून मी त्याला घेऊन बाहेर आलो. गौरीला खेकड्यांचा, तिखटाचा नैवेद्य ही आमच्याकडची रीत त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडली असावी.

परत आलो तर देसाई म्हणाले, "हेड चांगलं आहे. बुडबुडे नाहीत, काही नाही. पाणी टर्बोमधून जातंय."

टर्बो म्हणजे डिझेल इंजिनला जास्तीची हवा फुंकणारी एक छोटी चक्की. मुठीएवढी, पण फिरते भन्नाट वेगाने. तिच्या दांड्याला ऑइल लागतं आणि तापू नये म्हणून भोवती पाणी खेळवलेलं असतं. दोघांच्या मध्ये लोखंडाची एक भिंत. ती भिंत कुठेतरी गेली होती. देसाई टर्बोला हात लावत नाहीत. विठ्ठलवाडीला सोनवणे आहेत, परवा सकाळी ते उघडतील, तोवर गाडी इथेच राहू द्या, असं त्यांनी सांगितलं. आम्ही गाडी ठेवली आणि रिकाम्या हाताने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. आरतीच्या मध्येच आंबिवलीहून फोन आला. आत्याने विचारलं, भाऊ परवा किती वाजता निघतोय? आबाने सांगितलं, सकाळी. इतक्या ठामपणे सांगितलं, जणू गाडी खाली तयार उभी होती.

विठ्ठलवाडी

मी भूगोलाचा शिक्षक असूनही विठ्ठलवाडीत कधी उतरलो नव्हतो. कल्याण संपलं आणि उल्हासनगर सुरू झालं नाही, अशा मधल्या पट्ट्यात हे गाव आहे. फर्निचरची दुकानं, शिलाई मशीनचे आवाज, आणि पाच पावलांवर एक मंडप. एका मंडपाने अर्धा रस्ता खाल्ला होता आणि उरलेल्या अर्ध्यात मी आणि आबा देसाईंकडून सकाळी उचललेली ती आजारी गाडी दुसऱ्या गिअरवर घेऊन चाललो होतो. मागचे हॉर्न वाजवत होते. मला रागही येईना, इतका कंटाळा आला होता.

सोनवणेंच्या दुकानाचे दोन भाग. बाहेर पत्र्याची शेड, गाड्यांसाठी. आत एक खोली, पांढऱ्या फरशीची, आणि दाराशी पायपुसणं. चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, मगच आत. टर्बोच्या दांड्यात धुळीचा एक कण गेला तरी टर्बो महिनाभरात संपतो, म्हणून ही शिस्त. आबाने चपला काढताना आत डोकावून नमस्कार केला. त्याला देवघर वाटलं असावं. सोनवणेंनी ते पाहिलं आणि हसून नमस्कार परत केला. जळगावकडचा माणूस, पन्नाशीचा, नखं कापलेली, बोटं शिंप्यासारखी बारीक.

शेडमध्ये त्यांनी टर्बोची ऑइल परत जाण्याची नळी सोडली. खाली ट्रे धरला. आधी काळं ऑइल आलं, मग थांबून थांबून पाण्याचे थेंब. सोनवणे समाधानाने हुं म्हणाले. रोग सापडला होता. मग त्यांनी टर्बोला पाणी नेणाऱ्या दोन्ही नळ्या काढल्या आणि एकीचं तोंड उजेडात धरलं. आत पांढरट हिरवा थर जमला होता, जुन्या नळाच्या तोटीला जमतो तसा.

"सर, यात कुठलं पाणी घालता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, कूलंट, इंजिन थंड ठेवायला सर्व्हिसिंगच्या वेळी घालतात तेच. आणि तसं म्हणतानाच मला आठवलं की गेल्या वर्षभरात बॉनेट मी उघडलेलंच नाही.

आबा पुढे आला होता. त्याने नखाने त्या थराचा कण काढला आणि मी हात धरायच्या आत जिभेला लावला. सोनवणे ओरडले, बाबा, विष असतं त्यात, थुंका. धावत जाऊन त्यांनी पाण्याचा तांब्या आणला. आबाने खळखळून चूळ भरली, तांब्या खाली ठेवला आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. ते पुसायला त्याने बराच वेळ लावला.

"मीठ हाय," तो म्हणाला. "आमच्या बावीचा."

मग सोनवणेंनी हळूहळू समजावून सांगितलं, आणि सगळं मला सांगितलं, आबाकडे न बघता. खारं पाणी रोज आत गेलं की ते लोखंड आतून खातं. आधी बारीक भोक पडलं असेल, पाणी ऑइलात झिरपायला लागलं असेल. पाणी कमी झालं असतं तर डॅशबोर्डवर दिवा लागला असता आणि आम्ही तेव्हाच आलो असतो. पण टाकी रोज सकाळी भरत होती.

"गाडी ओरडली असती सर," ते म्हणाले. "पण तिचं तोंड तुम्ही रोज भरत होतात."

बावीचं पाणी आम्ही प्यायचं सोडलं त्याला सात-आठ वर्षं झाली. खाडीकडे भराव पडला आणि ते मचूळ लागायला लागलं. मला हे माहीत होतं. आबाला तर माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण त्याचा टेम्पो त्याच बावीच्या पाण्यावर वीस वर्षं चालला होता, आणि पाणी तेव्हा गोडं होतं. शिवाय रोज एक कॅन तिथून उपसला नाही तर बाव वापरात आहे असं कुठल्या तोंडाने सांगायचं? हे सगळं मला त्या शेडमध्ये उभ्या उभ्या कळलं. आबाचा राग यावा असं खूप वाटत होतं, चार दिवसांचा शीण कुणावर तरी काढायला मिळाला असता. पण आला तो माझाच. पोराला खेळणं द्यावं तसं मी बापाला काम दिलं होतं, आणि बापाने ते खरं काम समजून केलं होतं.

नवीन भाग गौरी विसर्जनानंतरच मिळणार होता. मी सोनवणेंना आत्याचं सांगितलं. हे मी आता इतक्या गॅरेजमध्ये सांगितलं होतं की वाक्यं पाठ झाली होती. सोनवणेंनी विचार केला. मग म्हणाले, टर्बोला जाणारं पाणीच बंद करतो. दोन्ही नळ्या एकमेकींना जोडतो, टर्बोची भोकं बुजवतो, ऑइल दोनदा बदलतो. तशी गाडी उद्या हळू चालवा, पन्नासच्या वर नाही, चढाला रेटायची नाही, आणि बंद करण्याआधी तीन-चार मिनिटं जागेवर चालू ठेवायची म्हणजे टर्बो निवेल. टाकीतलं पाणी रेघेवरच राहिलं तर निदान पक्कं. त्यांची चाचणी होणार होती आणि आमचा प्रवास. सकाळी या, असं ते म्हणाले.

घरी आल्यावर आबा जेवला नाही म्हणण्यापेक्षा, जेवायला बसला आणि उठला.

बावीपाशी

हा मुक्काम नकाशात नव्हता. गौरीच्या दिवशी सकाळी मी तयार झालो तर आबा घरात नाही. खाली पार्किंगमध्ये बावीच्या कठड्याला टेकून उभा होता. गाडी विठ्ठलवाडीला, त्यामुळे पुसायला काही नव्हतं.

"तू जा आक्काला आनाला," तो म्हणाला. "मी नाय येत."

मी म्हटलं, ती तुझ्याशिवाय येणार नाही. तो म्हणाला, सांग तिला, भावाने गारी मोडली. मी म्हटलं, आबा, चूक माझी आहे. तुला काम सांगितलं आणि वर्षभरात एकदाही खाली वाकून बघितलं नाही. त्याने मान हलवली.

"रेघ दिसत नाय मना," तो म्हणाला. "टाकीवर रेघ असते ना, इथपर्यंत भरा म्हनून. ती दिसत नव्हती. तुला सांगितला असता तर ता काम पन गेला असता. म्हनून काठापर्यंत भरून टाकाचो."

चावी काढून घेतली त्या दिवशीही मला एवढं वाईट वाटलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी कठड्याला टेकून उभा राहिलो. सोसायटीतला एकजण गाडी काढायला आला, आमच्याकडे बघून निघून गेला.

मेघा खाली आली तेव्हा तिच्या हातात आबाची टोपी होती. तिने ती त्याला दिली आणि एवढंच म्हणाली, "आबा, आत्यांचा फोन आला होता. पायरीवर येऊन बसल्यात. कुणी आत नेलं तरी जात नाहीयेत." आबाने टोपी घातली. मोडलेल्या खुब्याची बाई पायरीवर बसून आहे म्हटल्यावर त्याचं स्वतःचं काय ते मागे पडलं.

आंबिवली

सोनवणेंनी गाडी दारात काढून ठेवली होती. टाकीत हिरवं कूलंट होतं, बरोबर रेघेवर. त्यांनी एक बाटली आबाच्या हातात दिली, माझ्या नाही. म्हणाले, बाबा, लागलं तर हेच. आबाने ती मांडीवर धरून ठेवली.

शहाडचा पूल, मग मोहन्याकडचा रस्ता, खड्डे चुकवत. मागून येणारी प्रत्येक रिक्षा आम्हाला ओलांडून गेली. एकाने तर ओरडून विचारलं, काका, धक्का मारू का? आम्हाला पन्नासच्या वर जायचं नव्हतं, आणि त्या रस्त्यावर तो मोह होण्यासारखं काही नव्हतंही. काळू नदीच्या बाजूने गार वारा आला. आबाने काच खाली केली. मग टाकी बघू का म्हणाला. मी गाडी कडेला घेतली, सांगितल्याप्रमाणे जागेवर चालू ठेवली, मग बंद केली. इंजिन निवेपर्यंत झाडाखाली बसलो. मग मी बॉनेट उघडलं आणि त्याचं बोट धरून टाकीच्या बाहेरच्या बाजूला उमटलेल्या रेघेवर ठेवलं. ती प्लॅस्टिकला थोडी वर आलेली असते, हाताला लागते. मला हे माहीत नव्हतं, तिथेच कळलं. आबाने बोट दोनदा तिच्यावरून फिरवलं. मग टाकीला हाताने चाचपलं. पाणी आहे तिथवर प्लॅस्टिक गरम, वर कोमट.

"रेघेवर हाय," तो म्हणाला. मी वाकून पाहिलं. खरंच रेघेवर होतं.

आत्या पायरीवरच होती. नऊवारी, केसांत अबोलीचा गजरा, बाजूला वॉकर आणि मांडीवर पिशवी. भाऊ दिसल्यावर ती रडेल अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, उशीर केलास. आबा म्हणाला, गारी आजारी व्हती. ती म्हणाली, मी पन व्हते. मग तिने पिशवी त्याच्याकडे दिली, आणि आम्ही दोघांनी मिळून तिला पुढच्या सीटवर बसवलं. आत्येभावाने चहा घ्या म्हणून आग्रह केला, पण माहेरी जायला निघालेली बाई सासरी चहा घेत नाही.

परतीचा रस्ता मोठा होता आणि त्यातलं सांगण्यासारखं एवढंच, की दोघं भावंडं वाटभर मिठागरातल्या माणसांची नावं काढत होती, एकेक नाव, आणि प्रत्येक नावापुढे गेला, गेली, गेला. दोनदा थांबलो, दोनदा टाकी चाचपली. आत्याने विचारलं हे काय चाललंय. तेव्हा आबाने तिला सगळं सांगितलं, न लपवता, अगदी रेघेसकट.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीला थोडा अवकाश होता. वर गौरीची तयारी झाली होती. माहेरवाशीण आली की दारात तिच्या पायांवर पाणी घालायचं, ते घरच्या सुनेने. मेघा तांब्या घेऊन खाली आली. आबाने तिला थांबवलं, डिकी उघडली आणि तो पांढरा कॅन काढला. डोंबिवलीला जाताना बावीतून भरलेला, त्यात अजून निम्मं पाणी होतं. मला वाटलं, तो ते ओतून टाकणार. तो आत्याच्या पायांशी बसला, आणि भावाने बहिणीचे पाय धुवायचा रिवाज आमच्यात नसताना, त्याने कॅन तिरका केला.

आत्याने एका हाताने वॉकर धरला आणि दुसरा हात पुढे केला. तळहातावर पाणी घेऊन तोंडाला लावलं. तीही मिठागरातलीच.

"खारा झाला रे," ती म्हणाली.

"हां," आबा म्हणाला. "गोडा व्हता ता गेला."

तिने उरलेलं पाणी हातातून सोडून दिलं आणि दुसरा पाय पुढे केला. "पाय धुवाला चालतो," ती म्हणाली. "घाल."

टर्बो विसर्जनानंतर बसला, गाडी आता बरी आहे. आत्या पाच दिवस राहिली आणि पाचही सकाळी आबाने एकेक कॅन उपसला. पुढच्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये बावीचा विषय पुन्हा निघाला. सेक्रेटरींनी विचारलं, पाणी खारं आहे, गाडीलाही चालत नाही म्हणता, मग वापरतं कोण? या वेळी आबाच्या आधी मी उठलो आणि म्हणालो, आमची आत्या.

कुणी हसलं नाही.